‘हे पुस्तक काढून टाका’ म्हणत कोणी आलं तर: ग्रंथपाल आणि शिक्षकांसाठी

दुपारी चारची वेळ. देवघेवीच्या खिडकीपाशी गर्दी नाही. वर्गणी कधीही न थकवणारे एक जुने सभासद येतात, एक पुस्तक समोर ठेवतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, “आपल्या वाचनालयाला हे शोभत नाही हो. काढून टाका.” आपण “बघतो” म्हणतो आणि पुस्तक टेबलाच्या खणात टाकतो. भांडण नाही, बोभाटा नाही, सभासदही खूश.

तालुक्याच्या गावी ग्रंथपाल होतो तेव्हा मीही हेच केलं. दोन वर्षांनी ग्रंथ पडताळणीत ते पुस्तक ‘हरवले’ असं निघालं आणि नंतर खणातल्या जुन्या पावतीपुस्तकांखाली सापडलं. त्याच्यावर बंदी नव्हती, कुणाचा आदेश नव्हता, कार्यकारी मंडळाचा ठराव नव्हता. माझी भीड पुरेशी होती.

आपल्याकडे पुस्तकं बहुतेक वेळा अशीच जातात. म्हणून या लेखात माझा एकच आग्रह आहे: पुस्तक फळीवरून हलवायचं असेल, तर आधी कागद हलला पाहिजे. तक्रार कागदावर, विचार कागदावर, निर्णय कागदावर. कसं करायचं ते क्रमाने सांगतो.

तक्रार येण्याआधी: एक पानी धोरण

हे काम शांत दिवसांत करायचं. दारात माणसं उभी असताना नियम लिहायला बसलात तर ते कुणाला तरी आडवं घालायला लिहिलेत असंच दिसतं.

सार्वजनिक वाचनालय असेल तर ग्रंथनिवडीचं धोरण कार्यकारी मंडळात मांडा, जमल्यास वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या आणि तो इतिवृत्तात नीट उतरवा. एका पानापेक्षा मोठं नको. त्यात पुस्तकं कोण निवडतं (ग्रंथपाल की ग्रंथनिवड समिती), कशावरून निवडतं (वाचकांची मागणी, परीक्षणं, पुरस्कार, परिसरातले विषय, परवडणारी किंमत) आणि बालविभागात काय जातं, हे यावं. देणगीत आलेल्या पुस्तकांचं काय करायचं हेही लिहा, कारण अर्धी भांडणं तिथूनच उगवतात. कुणाच्या तरी वडिलांचं कपाट येतं, आपण पोत्यासकट दाखल करून घेतो आणि आत काय आहे ते सहा महिन्यांनी कळतं.

सगळ्यात महत्त्वाचं कलम बाद करण्याचं. माझं वाक्य उचलायला हरकत नाही: “पुस्तक फाटलेले, वाळवी लागलेले, माहिती कालबाह्य झालेले किंवा जादा प्रत असलेले असल्यास बाद करता येईल. पुस्तकातील मत एखाद्या सभासदास, पदाधिकाऱ्यास किंवा संघटनेस मान्य नसणे हे बाद करण्याचे कारण मानले जाणार नाही.” हे दुसरं वाक्य मंडळात मंजूर होताना थोडी खळखळ होते. होऊ द्या. जे अध्यक्ष आज त्यावर सही करतात, त्यांनाच उद्या फोन आल्यावर “आमचा ठराव आहे, मी एकटा काही करू शकत नाही” असं सांगता येतं. ती सुटकेची वाट त्यांना हवीच असते.

खरी बंदी ओळखायला शिका

“या पुस्तकावर बंदी आहे” हे वाक्य ज्याच्या तोंडून येतं, त्याला बहुतेक वेळा एवढंच म्हणायचं असतं की या पुस्तकावर बंदी असायला हवी. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

राज्य सरकारला पुस्तक सरकारजमा करता येतं ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ खाली. १ जुलै २०२४ च्या आधी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ मध्ये होती. त्यासाठी अधिसूचना काढावी लागते आणि तिच्यात कारणं द्यावी लागतात. पुस्तकासाठी एखाद्या जागेत शिरून झडती घ्यायची तर दंडाधिकाऱ्याचं वॉरंट लागतं आणि ते फौजदारापेक्षा खालच्या दर्जाच्या पोलिसाला देता येत नाही. बंदीविरुद्ध कलम ९९ खाली दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येतं आणि तिथे तीन न्यायमूर्तींचं खास पीठ ऐकतं. म्हणजे आमदारांचं पत्र, तहसीलदारांचा फोन, संघटनेचं निवेदन किंवा वर्तमानपत्रातली बातमी ही बंदी नव्हे. कोणी बंदी म्हणालं की शांतपणे विचारा: “अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख सांगता का? नोंदवहीत लिहायची आहे.”

असा कागद मागणं म्हणजे कायद्याचा कीस काढणं, असं काहींना वाटतं. त्यांच्यासाठी दोन गोष्टी.

सलमान रश्दींच्या ‘द सॅटॅनिक व्हर्सेस’ची आयात १९८८ मध्ये सीमाशुल्क खात्याच्या अधिसूचनेने थांबवली गेली. पुढची ३६ वर्षं ते पुस्तक भारतात आणता येत नाही हे सगळे गृहीत धरून चालले. एका वाचकाने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली तेव्हा सरकारी खात्यांना ती अधिसूचनाच सादर करता आली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने म्हटलं, अशी अधिसूचना अस्तित्वातच नाही असं धरण्यावाचून गत्यंतर नाही. ३६ वर्षं! आणि हातात कागद नाही.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या इंग्रजी पुस्तकावरून वाद उठला तेव्हा प्रकाशकाने ते नोव्हेंबर २००३ मध्ये स्वतःहून मागे घेतलं. ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची मोडतोड झाली आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने पुस्तकावर बंदी घातली. इथे कागद होता. पण संघराज रूपवते, आनंद पटवर्धन आणि कुंदा प्रमिला हे बंदीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले. २००७ मध्ये न्यायालयाने बंदीची अधिसूचना रद्द केली आणि जुलै २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. कारण पाहण्यासारखं आहे: पुस्तकामुळे गटागटांत वैर वाढतं असं अधिसूचनेत लिहिलं होतं, पण ते कोणत्या गटांत, हेच नेमकं लिहिलेलं नव्हतं. या निकालाचा अर्थ पुस्तक चांगलं किंवा खरं असा कुणी काढू नये. पुस्तक रोखण्याचं कारण नेमकं सांगावं लागतं, इतकाच त्याचा अर्थ, आणि आपल्या कामाला तो पुरतो.

न्यायालय दर वेळी पुस्तकाच्याच बाजूने उभं राहतं असंही समजू नका. २०१० मध्येच, जानेवारीत, इस्लामविषयीच्या एका पुस्तकावरची बंदी मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी योग्य ठरवली. खरी, कारणांसहित अधिसूचना समोर आली तर वाचनालयाने हुतात्मा होऊ नये. प्रत देवघेवीतून काढा, पोलिस नेत असतील तर पंचनाम्याची प्रत घ्या, दाखल नोंदवहीच्या (आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन जिथे नोंदवतो ती वही) शेरा रकान्यात अधिसूचनेचा क्रमांक लिहा. पुढे बंदी उठली तर पुस्तक आपोआप फळीवर येत नाही, ते कुणीतरी आणून ठेवावं लागतं. तो शेरा त्या दिवशी कामाला येतो.

अश्लीलतेचा प्रश्न वेगळा, आणि इथे माणसं उगाच जास्त घाबरतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ मध्ये साहित्य, कला, विज्ञान आणि ज्ञानासाठी असलेल्या लेखनाला अपवाद दिलेला आहे. १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातल्या ‘शामा’ या कथेवरून लेखक चंद्रकांत काकोडकरांना उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं होतं. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. सुटी वाक्यं वेगळी काढून चालत नाही, लेखन सबंध पाहावं लागतं, हे त्या निकालातून घ्यायचं. तक्रारदार मोबाईलवर दोन पानांचा फोटो घेऊन येतो तेव्हा हे आठवा.

तक्रार आली: पहिला अर्धा तास

आधी ऐका. मधे तोडू नका, लेखकाची बाजू मांडू नका, त्या पुस्तकाला कुठला पुरस्कार मिळालाय ते तर मुळीच सांगू नका. बसायला खुर्ची द्या, चहा सांगा. मन मोकळं केल्यावर निम्मी माणसं “बरं, बघा काय ते” म्हणून उठतात. “बघतो” हा शब्द मात्र आता आपल्या तोंडून येऊ द्यायचा नाही. म्हणायचं: “तुमचं म्हणणं मंडळापुढे ठेवावं लागेल. हा अर्ज भरून द्या.”

अर्ज आधीच छापून ठेवलेला असावा. त्यात नाव, पत्ता, सभासद क्रमांक, पुस्तकाचं नाव आणि दाखल क्रमांक. मग चार प्रश्न: आपण हे पुस्तक पूर्ण वाचले आहे का? कोणत्या पानांवरील कोणत्या मजकुराला हरकत आहे? हरकतीचे कारण काय? आपल्या मते ग्रंथालयाने काय करावे? पहिला प्रश्न खवचट वाटतो, पण तो काढू नका. “नाही” असं लिहिणारा माणूस पेन हातात धरून क्षणभर थांबतो. तो क्षण मी पुष्कळदा पाहिला आहे. काही जण अर्ज घरी नेतात आणि परत आणत नाहीत. जे आणतात त्यांचं म्हणणं खरंच विचारात घेण्यासारखं असतं.

अर्ज आला की आवक नोंदवहीत नोंद, शिक्का, पोच. आणि निर्णय होईपर्यंत पुस्तक जिथे होतं तिथेच. “चौकशी होईपर्यंत बाजूला ठेवू” हे समंजस वाटतं, पण तसं केलं की चौकशी संपवण्याची घाई कुणालाच उरत नाही. माझा खण असाच भरला होता.

घोळका आला तर

हे सगळं एका माणसासाठी झालं. वीस जण घोषणा देत आले तर गणित वेगळं. तेव्हा आधी माणसं, मग पुस्तकं. वाचनकक्षातल्या मुलांना आणि वृद्धांना मागच्या दाराने काढा, ११२ ला फोन करा, अध्यक्ष आणि कार्यवाहांना कळवा. वाद घालू नका आणि आपल्याकडून चित्रीकरणाचा दिखाऊपणाही नको. दोन प्रतिनिधींना आत बोलवा, निवेदन घ्या, पोच द्या. कोणी कोणतं पुस्तक नेलं ही नोंद दाखवू नका. वाचकाने काय वाचलं ही त्याची खाजगी गोष्ट आहे आणि त्या यादीवरून उद्या कुणाच्या तरी घरावर दगड पडू शकतो.

तेवढ्यापुरती प्रत कुलपात ठेवावी लागली तर ठेवा, त्यात लाज नाही. पण आत एक चिठ्ठी घाला: कोणत्या तारखेला, कुणी, कशासाठी ठेवली आणि पुन्हा कधी पाहायची.

त्या ठिकाणी कुठल्याही कागदावर सही करू नका. तमिळ लेखक पेरुमाळ मुरुगन यांना जानेवारी २०१५ मध्ये नामक्कलच्या प्रशासनाने बोलावलेल्या ‘शांतता बैठकी’त माफीच्या कागदावर सही करावी लागली होती. जुलै २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्या तडजोडीला काही बंधनकारक किंमत नाही असं सांगितलं. पण मधलं दीड वर्ष लेखकाचं गेलं.

साहेबांचा फोन

घोळक्यापेक्षा हा प्रकार जास्त चालतो आणि जास्त पुस्तकं खातो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखाली मान्यता आणि अनुदान मिळतं, अ-ब-क-ड वर्ग ठरतात, तपासणी होते. त्यामुळे वरून कुणी “ते पुस्तक जरा बघा हो” म्हणालं की अनुदानाचा हप्ता डोळ्यांपुढे नाचायला लागतो.

फोनवर “हो साहेब” म्हणा, हरकत नाही. त्याच दिवशी पत्र टाका: “आज आपल्याशी झालेल्या दूरध्वनी संभाषणात अमुक ग्रंथ देवघेवीतून काढण्याबाबत आपण सूचित केले. त्याबाबतचा लेखी आदेश व त्याचा आधार असलेला नियम कृपया कळवावा, म्हणजे कार्यकारी मंडळापुढे ठेवता येईल.” जावक क्रमांक घाला, प्रत फाईलला लावा. भाषा नम्र, सही ठसठशीत. मी अशी पत्रं तीनदा पाठवली. एकदाही उत्तर आलं नाही, आणि तिन्ही पुस्तकं फळीवर राहिली.

फोन खरंच सरकारी कचेरीतून असेल तर माहितीचा अधिकार आहेच. १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांची मुदत, उत्तर न आल्यास प्रथम अपील. हा अर्ज कर्मचाऱ्याने नव्हे, वाचकाने केलेला बरा. नोकरीवाल्याची अडचण मी समजू शकतो.

समितीने काय करायचं

तीन किंवा पाच जणांची समिती पुरे. ग्रंथपाल, मंडळाचा एक सदस्य, विषय जाणणारा बाहेरचा माणूस, शक्य असेल तर एक स्त्री वाचक. अट एकच: प्रत्येकाने पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं. एकच प्रत असेल तर आळीपाळीने. ३० दिवसांत लेखी, कारणांसह निर्णय द्या.

निर्णय ‘ठेवा’ किंवा ‘काढा’ एवढाच नसतो. चुकून बालविभागात लागलेली कादंबरी मोठ्यांच्या विभागात नेता येते, आणि असं करण्यात सेन्सॉरशिप काहीच नाही. एखाद्या आरोग्यविषयक पुस्तकातली माहिती घातक असेल तर ते कालबाह्य म्हणून बाद करता येतं. तक्रारदाराचंही बरोबर असू शकतं. आणखी एक मार्ग टिपेचा. १९८७-८८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’मधल्या राम-कृष्णांवरच्या भागावरून राज्यात रान पेटलं होतं. ग्रंथ राज्य सरकारनेच छापलेला. शेवटी मजकूर तसाच राहिला आणि या मतांशी सरकार सहमत असेलच असं नाही, अशा अर्थाची टीप जोडली गेली. टीप ही गोष्ट शेवटचा उपाय म्हणून ध्यानात ठेवावी. उठसूट चिकटवू नये, नाहीतर पंचांग सोडून सगळ्याच पुस्तकांवर चिठ्ठ्या दिसतील.

समिती कशी टाळली जाते याचंही उदाहरण आपल्याकडे आहे. २०१० मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.ए.च्या अभ्यासक्रमातून रोहिंटन मिस्त्रींची ‘सच अ लाँग जर्नी’ काढली गेली, ती कुलगुरूंच्या तातडीच्या अधिकारात. अभ्यासमंडळाने पुस्तक पुन्हा वाचून काही ठरवावं यासाठी थांबणं झालं नाही. कादंबरी १९९१ ची, बुकरच्या अंतिम यादीत आलेली. पुस्तक आवडो न आवडो, त्यात अशी कोणती तातडी होती?

शाळेत

शाळा म्हणजे वाचनालय नव्हे. इथे वाचक अल्पवयीन आहे, त्याला पुस्तक आपण देतो, म्हणून जबाबदारी जास्त. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९५ खाली बालकांपर्यंत अश्लील साहित्य पोहोचवणं हा वेगळा गुन्हा आहे. वयाचा विचार करणं हे शिक्षकाचं कामच आहे. अडचण होते ती ‘वय’ हा शब्द सगळ्याच गोष्टींवर पांघरला जातो तेव्हा. मासिक पाळी, जात, आंतरजातीय लग्न, मृत्यू हे विषय सातवीतल्या मुलीच्या घरात असतात, पण तिच्या शाळेच्या कपाटात चालत नाहीत.

पालक आले तर एक भेद स्पष्ट करा. आपल्या मुलाने काय वाचू नये हे सांगण्याचा त्यांना हक्क आहे. त्यांनी चिठ्ठी लिहून द्यावी, तुम्ही ती पाळा. वर्गातल्या बाकी चाळीस मुलांनी काय वाचू नये हे ठरवायचं असेल तर तो विषय मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीपुढे जाईल. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे त्या समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, म्हणजे तिथे पालकांचं ऐकलं जात नाही असं कुणाला म्हणता येणार नाही. पाठ्यपुस्तकातल्या धड्याबद्दल तक्रार असेल तर ती तुमच्या अखत्यारीतली नाही. बालभारतीकडे लिहा असं सांगा.

वर्गात अवांतर पुस्तक वाचून घ्यायचं असेल तर का निवडलं याच्या चार ओळी आधीच मुख्याध्यापकांकडे देऊन ठेवा. नवीन शिक्षिकांना हे फार उपयोगी पडतं. उद्या प्रश्न आला तर त्या एकट्या पडत नाहीत.

आपलीच कात्री

हे लिहायला मला आवडत नाही. एका दलित आत्मकथनातल्या शिव्यांवर आमच्याच एका कर्मचाऱ्याने काळी शाई फिरवली होती, अगदी सद्भावनेने, “बायका पण नेतात ना” म्हणून. ज्या वस्तीत ती भाषा रोजची होती, त्या वस्तीतल्या माणसाने लिहिलेली ती पानं. आम्ही नवी प्रत घेतली आणि जुनीही ठेवली.

पुस्तक मागवतानाच यादीतून नाव गाळणं, आलं तरी महिनोन्महिने दाखल न करणं, दाखल करून वरच्या फळीवर कणा आत करून ठेवणं, “बाहेर गेलंय” सांगणं. या गोष्टींना ठराव लागत नाही, म्हणून त्या कुठल्याच कागदावर सापडत नाहीत. त्या पकडायची जागा एकच, वार्षिक ग्रंथ पडताळणी. ‘हरवले’ची यादी तयार झाली की ती तक्रारींच्या फाईलशेजारी ठेवा. एखादं नाव दोन्हीकडे दिसलं तर आधी खण, कपाटांची माथी आणि बांधणीला द्यायचे गठ्ठे तपासा. नाहीच सापडलं तर नवी प्रत मागवा, नवा दाखल क्रमांक द्या आणि शेरा रकान्यात जुना क्रमांक लिहून पुढे लिहा: ‘हरवलेल्या प्रतीऐवजी’.